निळी ठिणगी

पिंपळनेरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या सुकदेव पुना बैसाण्यांना सगळी पंचक्रोशी डॉक्टर म्हणत असे. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा. खरे डॉक्टर साक्रीला बसत आणि बुधवारी येऊन सह्या करून जात. पण म्हशीला हुद्दा कळत नाही, हात कळतो. सुकदेवभाऊंचा उजवा हात लांब, सडसडीत आणि मनगटाशी निमुळता होता. अडलेल्या म्हशीच्या पोटात तो खांद्यापर्यंत गेला की भाऊ डोळे मिटून घेत. दिवे गेलेले असताना सुगरण फडताळातून नेमका हळदीचा डबा काढते ना, तसं आत कुठे पाय, कुठे मान हे त्यांना न बघता कळे. आठ वर्षांत त्या हाताने किती वासरं-पारडी उजेडात आणली याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती. मोजदाद ठेवली होती ती प्लगांची.

कारण भाऊंना अभिमान होता तो हाताचा नव्हे, फटफटीचा.

फटफटी धुळ्याच्या एका निवृत्त तलाठ्याकडून घेतलेली. ती चांगली होती असं म्हणवत नाही, आणि वाईट होती म्हटलं तर भाऊंना लागेल. सपाटीवर ती रोगी माणसासारखी खोकत चाले आणि चढ दिसला की विचारात पडे. धुळ्याच्या मिस्त्रीने सांगून टाकलं होतं, "साहेब, इंजिनाचं पोट उघडायला लागेल. पिस्टन घासलाय." पोट उघडणं म्हणजे पाचेकशेचा खड्डा. शिवाय ज्याचं आयुष्य दुसऱ्यांची पोटं तपासण्यात गेलं, त्याला आपल्या गाडीचं पोट उघडायची धास्ती वाटावी हे साहजिक होतं.

त्यापेक्षा पंडित शिंप्याचं म्हणणं सोपं होतं आणि स्वस्तही.

पंडित शिंपी स्टँडासमोरच्या चहाच्या हॉटेलातला यंत्रविषयक जाणकार. त्याच्या स्वतःच्या मालकीचं पायाने चालणारं एकच यंत्र होतं, ते म्हणजे शिलाई मशीन. पण ज्ञानाला मालकी लागत नाही.

"भाऊ, इंजिन म्हंजे काय?" बशीतला चहा फुंकत तो विचारायचा. "लोखंड. लोखंडमा काय जोर ऱ्हास? पेट्रोलमाबी नही. बठ्ठा जोर ठिणगीमा शे. चुल्हाले काडी वली लावशात तर लाकूड काय करी?"

चुलीचा दाखला दिला की खानदेशात वाद संपतो. ठिणगी जितकी दणकट तितकी गाडी दणकट, हा सिद्धांत हॉटेलात एकमताने मंजूर झाला. ठिणगीची परीक्षाही तिथेच होई. प्लग काढून इंजिनाला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगीचा रंग बघायचा. पिवळी असेल तर गाडी आजारी, निळी असेल तर पैलवान. याहून पक्की परीक्षा हवी असेल तर पंडित स्वतः प्लगची वायर चिमटीत धरी. झटका बसून त्याची टोपी पडली तर कॉइल उत्तम. नुसतंच "हाय" म्हणाला तर बदलायला झाली. झटक्याने गाडी किती पळते हे कोणी विचारलं नाही. पंडित किती उडतो हे दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

मालाचा पुरवठा बन्सीलालकडे. स्टँडाच्या कोपऱ्यावर त्याचं सुट्या भागांचं दुकान. आधी त्याने जाड लाल वायर दिली. "दहा टक्के जोर वाढेल, भाऊ." मग दुहेरी कॉइल. "वीस टक्के धरा." मग चार नख्यांचा प्लग, मग प्लगवर बसवायची एक काचेची नळी, जिच्यातून चालत्या गाडीची ठिणगी दिसे. नळीने जोर वाढत नव्हता, पण विश्वास वाढत होता. प्रत्येक खरेदीनंतर सुकदेवभाऊ गावाबाहेर नाक्यापर्यंत एक चक्कर मारून येत आणि म्हणत, "फरक आहे हं!"

त्यांच्या पत्नी मंदाबाई हे सगळं भाकऱ्या थापता थापता ऐकत. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मी सहज बेरीज केली. तुमचे टक्के सगळे धरले तर शंभरावर जातात. म्हणजे आता गाडी सुरू न करताच धुळ्याला पोचायला हवी."

"तुला तांत्रिक कळत नाही मंदा."

"नाही बाई. मला आपलं तुमचं उशिरा येणं कळतं."

नव्वद सालच्या उन्हाळ्यात बन्सीलालच्या दुकानात काळा डबा आला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, चार वायरी बाहेर आलेल्या आणि आत डांबरासारखं काहीतरी ओतून बंद केलेला. आत काय आहे हे बनवणाऱ्यालाही पुन्हा बघता येऊ नये, अशी सोय. किंमत एकशे साठ.

"इलेक्ट्रॉनिक इग्निशन," तो डबा समोरच्या हॉटेलात आणून बन्सीलाल म्हणाला. हे शब्द त्याने असे उच्चारले की हॉटेलातला चहा थांबला. "पॉइंट नाही, गॅप नाही, घासणं नाही. आयुष्यभराची कटकट गेली."

पॉइंटची कटकट होती हे खरं. इंजिनाच्या कुशीत दोन छोट्या लोखंडी टिकल्या मिटत-उघडत आणि त्यांच्या त्या डोळे मिचकावण्यातून ठिणगी निघे. त्या काळ्या पडल्या की भाऊ रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपरने घासत आणि करवतीच्या पात्याचा तुकडा मध्ये धरून अंतर बसवत. हे काम त्यांना उत्तम जमे. पण जे आपल्याला उत्तम जमतं त्याची माणसाला किंमत नसते. तासाभरात पॉइंटची प्लेट निघून बन्सीलालच्या भंगाराच्या टोपलीत गेली आणि काळा डबा सीटखाली बसला. परीक्षा झाली. ठिणगी अशी निळी, की पंडितने वायर हातात घ्यायला नकार दिला. याहून मोठं प्रमाणपत्र पिंपळनेरात नव्हतं.

डब्याबरोबर एक कागद आला होता. त्यावर एक ओळ होती, बॅटरी कायम भरलेली असावी. बन्सीलालने त्याच कागदात जुना प्लग गुंडाळून दिला, त्यामुळे ती ओळ आतल्या बाजूला गेली.

आता बॅटरीचं असं होतं, की ती गाडीत नसे. जुनी ठिणगी इंजिन स्वतःच्या फिरण्यातून काढत असे, तिला बॅटरीची गरजच नव्हती. म्हणून फटफटीची बारा व्होल्टची बॅटरी गेली दोन वर्षं घरात, टीव्हीच्या टेबलाखाली राहत होती. पिंपळनेरला वीज पाहुण्यासारखी येई आणि रविवारी सकाळची मालिका मात्र घरच्या माणसासारखी वेळेवर येई. त्यामुळे त्या भागातल्या निम्म्या फटफट्यांच्या बॅटऱ्या टीव्हीखालीच नांदत. डबा बसल्यावर बॅटरी गाडीत परत गेली खरी, पण मंदाबाईंशी करार झाला. सहा दिवस गाडीची, रविवारी नऊ ते दहा गल्लीची.

तो रविवार होता. मालिका नुकतीच संपली होती, बायका पदर सावरत उठत होत्या, तेवढ्यात दुधाची जीप दाराशी थांबली आणि शेवगेपाड्याचा तोताराम उडी मारून उतरला.

"डॉक्टर, झुंबर अक्कानी म्हैस अडनी! पहाटपाईन कळा दी राहिनी. एक पाय बाहेर उना, दुसरा दखायेत नही. अक्का सांगस, डॉक्टरले बलाव, नही तं दोन्हीसले मूठमाती."

झुंबर अक्का शेवगेपाड्याची एकटी बाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरात एक म्हैस, एक बैलजोडी आणि एक छकडा. त्या म्हशीच्या दुधावर तिचं घर चाले.

"तू जीपबरोबर साक्रीला जा, दूध नासायला नको. मी निघालोच," भाऊ म्हणाले. बॅग घेतली, दोर घेतला, टेबलाखालून बॅटरी काढून गाडीत घातली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. भाऊंनी मंदाबाईंकडे असं पाहिलं की बघ.

"सावकाश जा," मंदाबाई म्हणाल्या. हे सांगण्याचं त्या गाडीला तसं कारण नव्हतं.

शेवगेपाडा पंधरा किलोमीटर. आधी सपाटी, मग खिंडीपर्यंत चढ आणि खिंडीनंतर चार किलोमीटरचा उतार थेट गावात. सपाटीवर गाडी छान पळाली. भाऊंच्या मनात दोन गोष्टी होत्या, पोटात वळलेली पारडाची मान आणि नळीतली निळी ठिणगी. चढ लागला तशी ठिणगी जांभळी झाली, मग पिवळी, मग नळी नुसतीच काच उरली. खिंडीच्या तोंडाशी गाडीने एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली.

तासभर वीस बायकांना मालिका दाखवून बॅटरी दमली होती. तिच्यात घाट चढायचं त्राण राहिलं नव्हतं.

भाऊंनी चाळीस किका मारल्या. प्लग काढला, पुसला, फुंकला, लावला. सवयीने हात इंजिनाच्या कुशीकडे गेला, पॉइंट घासायला. तिथे पॉइंट नव्हते, कटकट आयुष्यभराची गेलेली. काळ्या डब्याला ना स्क्रू, ना झाकण. शिव्या द्याव्यात तर त्याला कानही नव्हते. उन्हं तापत होती. पायी उतरायचं म्हणजे पाऊण तास, आणि म्हशीकडे तेवढा वेळ नव्हता.

सुकदेवभाऊंनी गाडी उताराच्या तोंडाशी आणली, न्यूट्रलमध्ये टाकली, बॅग गळ्यात अडकवली आणि दोन्ही पाय उचलले.

पुढची सहा-सात मिनिटं त्यांनी नंतर कधी कोणाला तपशिलाने सांगितली नाहीत. गाडी अशी सुटली की इतक्या वर्षांच्या लाल वायरी, कॉइली आणि नख्या मिळून तिला जे जमलं नव्हतं ते उताराने एका क्षणात करून दाखवलं. हॉर्न बॅटरीवरचा, म्हणून तोही मेलेला. वळणावळणावर भाऊ घसा फोडून "सरका! सरका!" ओरडत होते. एका शेळीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर पुढे बरेच दिवस त्यांना आठवत राहिली. मागच्या ब्रेकमधून कढईत मिरची जळावी तसा वास येत होता. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, कसला आवाज नव्हता. नुसता वारा.

शेवगेपाड्यात डॉक्टर यायचे म्हणजे आधी त्यांचा आवाज येई. फटफटी खिंडीत खोकली की बायका चुलीवर पाणी ठेवत. त्या दिवशी झुंबर अक्काच्या अंगणात पन्नास माणसं कान लावून बसलेली आणि खिंडीतून आवाजच येईना. पोलीस पाटील सुपडू नाना घड्याळ बघून म्हणत होता, "डॉक्टर नही येत आते." त्याचं वाक्य संपायच्या आत सुकदेवभाऊ गाडीसकट, धुळीसकट, अंगणात मांडवाच्या खांबाशी येऊन उभे राहिले. कोणी तरी "अय माय!" म्हणून किंचाळलं.

"पाणी!" भाऊ म्हणाले. "साबण, गोडेतेल!"

गोठ्यात म्हैस आडवी पडली होती, डोळे पांढरे करून. भाऊंनी सदरा काढला, हात कोपराच्या वरपर्यंत माखला आणि डोळे मिटले. एक पाय बाहेर. दुसरा गुडघ्यातून मुडपलेला. मान मागे, बरगड्यांकडे वळलेली. कळ आली की म्हैस त्यांचा हात चेपून टाकी, भाऊ ओठ चावून थांबत. कळ ओसरली की चार बोटं पुढे. बाहेर आलेला पाय आधी आत ढकलला. मुडपलेल्या पायाचा खूर तळव्यात झाकून सरळ केला, कारण उघडा खूर म्हणजे आत जखम. मग खालच्या जबड्याला दोराचा फास. झुंबर अक्का म्हशीच्या तोंडाशी बसून तिला कानात काहीबाही सांगत होती.

"आता ओढा. हळू. तिच्या कळेबरोबर."

पारडी बाहेर आली ती निपचित. भाऊंनी तिच्या नाकातोंडातली घाण बोटाने काढली, मागचे पाय धरून तिला उलटी टांगली, नाकात वाळल्या गवताची काडी घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पारडी शिंकली.

म्हैस उठून बसली आणि तिला चाटायला लागली. झुंबर अक्काने पदर डोळ्याला लावला. गोठ्यातल्या त्या हाताची तारीफ आता कोणीतरी करायला हवी होती. पण भाऊ हात धुवून बाहेर आले तेव्हा सगळं गाव गोठ्याकडे पाठ करून फटफटीभोवती उभं होतं.

"आवाज नही, काही नही," सुपडू नाना सांगत होता. "वाराना मायेक उनात! माले तं गाडी दखायनी तवय समजनं."

"काय बसाडं डॉक्टर?" दुसऱ्याने विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं. गेली दोन वर्षं याच अंगणात बसून त्यांनी वायरी, कॉइली आणि टक्के यांवर व्याख्यानं दिली होती, आणि लोकांनी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं होतं. आज पहिल्यांदा पन्नास माणसं त्यांच्या गाडीकडे आदराने पाहत होती.

"इलेक्ट्रॉनिक इग्निशन," भाऊ म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"म्हंजे पहिलेना आवाज हाऊ जोर वाया जाये त्याना व्हता!" सुपडू नानाने शोध लावला. "आते बठ्ठा जोर चाकमा. चालू करीसन दखाडा ना, डॉक्टर!"

"हां, दखाडा! एक चक्कर!"

भाऊंच्या कपाळावर गोठ्यात आला नव्हता तेवढा घाम आला.

तेवढ्यात झुंबर अक्का हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आली. ज्या गाडीने डॉक्टर आला तिला कुंकू लावायचं. हँडलला लावलं, टाकीला लावलं, आणि इंजिनाला लावताना तिचं बोट तिथेच थांबलं. मागे एकदा याच इंजिनाला तिचा पाय भाजला होता. घाट उतरून आलेलं इंजिन घटकाभरानेही कसं चटका देतं हे तिला ठाऊक होतं. तिने सबंध तळवा टेकवला. मग भाऊंना कुंकू लावायला वळल्यासारखं करून ती हळूच म्हणाली,

"भाऊ, इंजिन गार पडी गयं शे."

"हो अक्का."

"कोठेपाईन बंद?"

"खिंडीपासून."

"आनि तशेच उनात? इतला उतार?"

"म्हैस अडली होती ना," भाऊ खाली बघत म्हणाले.

अक्काने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, जरा जास्तच दाबून. मग ती गर्दीकडे वळली.

"कसानं चालू करीसन दखाडनं? जी गाडी मना घरनी लक्ष्मी वाचाडाले उनी ती आज चढ चढाव नही. माणूसना सत्कार करतंस, मंग गाडीनाबी करा. मना छकडावर चढावा तिले. मना बैल लई जातीन."

विरोध करायचं कोणाला सुचलंच नाही. सत्कार म्हटला की टॉवेल-टोपी आली. डॉक्टरांना टोपी आणि टॉवेल, फटफटीच्या हँडलला दुसरा टॉवेल. चार गड्यांनी गाडी उचलून छकड्यात ठेवली, तिच्याशेजारी नारळ ठेवला, आणि झुंबर अक्काने स्वतः बैल हाकले. डॉक्टर टोपी सावरत पुढे बसले. अर्धा गाव खिंडीपर्यंत पोचवायला आला. बंद पडलेली गाडी घाट चढून नेण्याचा इतका मानाचा प्रकार त्या मुलखात पूर्वी झाला नसावा.

वाटेत अक्का एकदाच बोलली. "तो डबा काढी टाका."

सोमवारी सुकदेवभाऊ बन्सीलालच्या दुकानात गेले. भंगाराच्या टोपलीत हात घालून, न बघता, त्यांनी आपली पॉइंटची प्लेट शोधून काढली. ती खिशात घालतात तोच सुपडू नाना दारात.

"बन्सीलालभाऊ, डॉक्टरना मायेक, तसाच डबा माले द्या."

"नाना, घेऊ नका," भाऊ म्हणाले. एक अख्खी रात्र त्यांनी या वाक्याची तयारी केली होती. "माझी गाडी बंद पडली होती. मी उतारावरून नुसता घरंगळत आलो."

सुपडू नानाने बन्सीलालकडे पाहिलं, बन्सीलालने दुकानात टेकलेल्या पंडितकडे. मग तिघंही हसले.

"डॉक्टरले वाटस, आपलीच गाडी भारी ऱ्हावो," नाना म्हणाला. "बांधा, बन्सीलालभाऊ."

भाऊंनी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा तर शेळीपर्यंत सगळं सांगायला ते तयार होते. पण फुशारकीवर विश्वास ठेवणारी माणसं कबुलीजबाबावर विश्वास ठेवत नाहीत. महिन्याभरात शेवगेपाड्यातल्या चारही फटफट्यांना काळे डबे लागले.

पावसाळ्याच्या तोंडाला भाऊ पारडीला बघायला निघाले. पॉइंट घासलेले, अंतर करवतीच्या पात्याने बसवलेलं, आणि मंदाबाईंच्या आग्रहावरून उघडलेल्या पोटात नवा पिस्टन. फटफट आवाज करत ते खिंड ओलांडून उतरायला लागले तर समोरून छकडा चढत येत होता. छकड्यात सुपडू नानाची फटफटी, हँडलला टॉवेल. शेजारी नाना स्वतः, टोपी घालून, फार मानाने बसलेला.

नानाने भाऊंच्या खडखडत्या गाडीकडे दयेने पाहिलं.

"डॉक्टर, अजून जुनंच शे का? तुम्हीनबी तो डबा बसाडी ल्या ना."

"बघतो, नाना," भाऊ म्हणाले. "गाडी काय, बंद पडली?"

"छे! सत्कार शे."

झुंबर अक्काने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला.

"आते रोज एक सत्कार ऱ्हास, भाऊ," ती म्हणाली. "बैल दमी जातंस."